चिंचेच्या पाण्यात धुतलेला शिंपला

मित्रांनो, खाम नदीच्या गाळात वाढलेला मी एक जुना शिंपला आहे. माझ्यातला जीव कधीच गेला. कवच तेवढे उरले आहे.

दरवर्षी माझ्या पाठीवर एक नवे वळे चढे. पाणी चांगले असले की ते रुंद होई. नऊ वळी अशी रुंद होती. मग निजामी अमलात, फसली १३४१ साली, म्हणजे इसवी १९३१-३२ च्या सुमारास, काठावर कापड रंगवायचा कारखाना आला आणि त्याचे मोरीचे पाणी आमच्या अंगावरून वाहू लागले. पुढची चार वळी केसाइतकी बारीक झाली. बिजागरीपाशी काळे खड्डे पडले.

चतुराबाई भोईण आम्हाला वेचून खात असे, विकत असे. एके दिवशी तिने टोपलीभर शिंपले औरंगाबादच्या कॉलेजात आणून ओतले; त्यांत मीही होतो.

"मास्तर, मासळी मेली, शिंपले मरायलेत. आता आमचा नंबर हाय व्हय?"

प्राणिशास्त्राचे मास्तर गयास यांनी दोन वर्षे आमचा अभ्यास केला. आमचे कल्ले काचेखाली पाहिले, त्यांवरचे फोड मोजले, वळ्यांची रुंदी वहीत लिहिली. नदीत कारखान्याच्या वरच्या अंगाचे वीस शिंपले आणि खालच्या अंगाचे वीस एका फळीवर मांडले. कोणालाही फरक दिसावा असा तो पुरावा होता. तो पाहायला हैदराबादेहून नाजिमसाहेब, म्हणजे खात्याचे मुख्य अधिकारी, येणार होते. त्यांनी सही केली की कारखान्याची मोरी नदीपासून दुसरीकडे वळणार होती.

साहेब यायच्या सकाळी कॉलेजचा शिपाई कारभारी याने पितळी सूक्ष्मदर्शक चिंचेने घासला. चिंच उरली, म्हणून आम्हा चाळीस जणांना त्याच पाण्यात भिजवून राखेने खसाखसा घासले. मी त्याच्या हातात पांढरा पडत गेलो. वळी गेली. काळे खड्डे गेले. फळीवर परत मांडताना वरचे कोण नि खालचे कोण हेही त्याला आठवले नाही.

"कारभारी! ये क्या कर दिया, बाबा!"

"लई घाण दिसत व्हते, साहेब. बड्या साहेबाम्होरं तुमचीच लाज गेली असती."

गयासांनी कपाटातून वही काढली. ते त्याला रागावले नाहीत.

नाजिमसाहेबांनी मला उचलून उजेडात धरले. "वाह! बीमार तो कोई नहीं दिखता, गयाससाहब. सब आपसे ज्यादा तंदुरुस्त हैं."

बरोबरचे हसले. गयासांनी वही पुढे केली.

"आकडे तो आपके हाथ के हैं. शिंपले क्या कहते हैं?"

गयासांनी आठ दिवस मागितले. साहेबांनी शेरा लिहिला, 'मिसल दाखिल दफ्तर'. म्हणजे प्रकरण कायमचे बंद. जाताना त्यांनी कारभारीच्या स्वच्छतेला शाबासकी दिली.

गयासांनी त्याच आठवड्यात नवे शिंपले काढून पाठवले. पार्सल न उघडता परत आले, आणि त्याच्या वासापायी त्यांनाच ताकीद मिळाली. उन्हाळ्यात चतुराबाई पुन्हा आली. टोपली रिकामी होती.

"एक बी ऱ्हायला नाय, मास्तर. मी सिल्लोडला लेकीकडं चालले. तिथं कापूस वेचीन."

त्यानंतर तिला कोणी पाहिले नाही. मला मात्र अनेकांनी पाहिले. कॉलेजच्या काचेच्या कपाटात मी वर्षानुवर्षे पडून आहे आणि येणारा जाणारा म्हणतो, किती सुंदर शिंपला!

मित्रांनो, मी सुंदर नव्हतो. मी आजारी होतो, आणि तेवढेच माझ्याकडे सांगण्यासारखे होते. कोणाच्या अंगावरचा डाग घासायच्या आधी तो कशाने पडला, एवढे विचारत जा.