निळ्या डब्यातला बर्फ

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. अंगाने निळा, झाकण पांढरं, खांद्याला अडकवायला पट्टा. केजकडच्या एका आरोग्य केंद्राच्या अडगळीत, मोडक्या खुर्चीखाली मी पडून असतो. माझ्यात धान्य कधी भरलं नाही की भाकरी ठेवली नाही. चारी कडांना बर्फाच्या पट्ट्या आणि मधोमध लसीच्या बाटल्या, असं माझं पोट भरलेलं असायचं. आतली थंडी राखायची, एवढंच माझं काम. आता थकलोय. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मन हलकं व्हायचं नाही.

दूरच्या एका कारखान्यात मी घडलो आणि १९९१ साली जीपमधून इथे आलो. इथल्या नर्स रोहिणी सिस्टर. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि उन्हातून सावलीत सरकवलं. तेव्हापासून दर बुधवारी आम्ही दोघं एसटीने फाट्यावर उतरायचो आणि तीन किलोमीटर चालत गावात जायचो. शाळेच्या ओसरीवर आया लेकरं घेऊन बसायच्या. सिस्टर टोचता टोचता बोलत राहायच्या. टोचलं म्हणजे काळजी संपली असं नाही, म्हणायच्या. भरवायच्या आधी हात धुवा. खोकणाऱ्या लेकराला बाकीच्यांपासून वेगळं निजवा. गोवर निघाला म्हणून दार बंद करून बसू नका, आणि आपलं लेकरू कडेवर घेऊन दुसऱ्याचं आजारी लेकरू बघायला तर जाऊच नका. बाया मान हलवायच्या आणि घरी जाऊन जुनंच करायच्या. एकदा जिल्ह्याच्या साहेबांनी भर दुपारी झाकण उघडून पाहिलं. बर्फ टणक होता. ते माझ्याकडे बघून हसले. मला लई अभिमान वाटला.

मग १९९४ ची दिवाळी जवळ आली. आमच्या केंद्रातले कारकून बंकट यांच्या भाचीचा साखरपुडा होता. त्या वर्षी केजच्या बाजारात नव्या थंड पेयांच्या बाटल्या आल्या होत्या आणि पाहुण्यांना त्याच द्यायची हौस साऱ्यांनाच होती. त्या बाटल्या गार ठेवायला बंकट मला घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. एका दिवसाने काय बिघडतं, असं त्यांना वाटलं. गर्दीत कुणी तरी माझ्यावर बसलं. झाकणाची कडी तुटली, आतलं रबर फाटलं. बंकटांनी सुतळी बांधली आणि कुणाला न सांगता मला जागेवर ठेवलं. सिस्टरांना वाटलं, कडीच तेवढी तुटली.

त्या बुधवारी एसटीचं चाक वाटेत पंक्चर झालं. ऑक्टोबरचं ऊन माझ्या फटीतून आत शिरत होतं आणि मला ते अडवता येत नव्हतं. ओसरीवर पोचून सिस्टरांनी झाकण उघडलं. बर्फाचं पाणी झालं होतं. बाटल्या कोमट.

समोर ऊसतोडीला निघालेली मंजुषा बसली होती. मांडीवर साडेनऊ महिन्यांची सोजर. मुकादमाची गाडी संध्याकाळी साखर कारखान्याकडे निघणार होती.

"आणलंय तर टोचा की," मंजुषा म्हणाली. "येवढ्यानं काय होतंय?"

"ही गोवरची लस मेली आता," सिस्टर हळू म्हणाल्या. "टोचली तर तुला वाटेल पोरगी राखली, आणि ती राखलेली नसेल."

कारखान्याजवळच्या दवाखान्यात टोचून घे, असं त्यांनी बजावलं. पण पहाटेपासून उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला दवाखान्याची वेळ कुठून मिळणार?

तिथे काय झालं, ते गुढीपाडव्याच्या सुमारास मंजुषा केंद्रात आली तेव्हा कळलं. शेजारच्या कोपीत एका लेकराला गोवर निघाला. उसाच्या पाचटाची ती एवढीशी खोपटं, दाराला पोत्याचा पडदा. बाया लेकरं घेऊन बघायला गेल्या, मंजुषाही गेली. पाण्याला सगळ्यांचा एकच तांब्या. दहा-बारा दिवसांनी सोजर तापली. आधीच किरकोळ अंगाची, वर भाजीपाला पोटात नाही. गोवर उतरला, पण उजव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्याने दिसेनासं झालं.

सिस्टर ऐकत राहिल्या. पलीकडच्या टेबलावर बंकटांचा पेन थांबला होता. ते उठले आणि मंजुषासमोरच म्हणाले, "डबा मी नेलता, सिस्टर. कडी माझ्यामुळंच मोडली, आतलं रबर बी फाटलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला नवी कडी आणि नवं रबर बसवून आणलं. पुढे वीज गेली की ते स्वतः केजच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन बर्फ आणायचे आणि माझ्या पट्ट्या त्यात पुरून ठेवायचे. सिस्टर दर वर्षी दसऱ्याच्या आधीच टोचायचे दिवस वाढवू लागल्या, आणि गाड्या निघायच्या दिवशी त्या मला घेऊन वेशीवर उभ्या राहू लागल्या.

१९९७ साली अशीच एक गाडी निघाली होती. मंजुषाच्या कडेवर दहा महिन्यांचा मुलगा होता. मुकादम धोंडीराम हॉर्न वाजवत होता, कशापायी खोळंबा करता म्हणून ओरडत होता.

"वाजू द्या," मंजुषा म्हणाली. "पोराला टोचल्याबिगर मी गाडीत पाय ठेवत न्हाई."

गाडीत चढलेल्या बाया एकेक करून खाली उतरल्या. एकवीस लेकरं टोचली. गाडी तासभर उशिरा गेली, आणि माझ्यातला बर्फ शेवटपर्यंत टणक होता.

त्या हंगामातही कोप्यांच्या तळावर गोवर आलाच. तिघांना झाला. दोघं न टोचलेली, एक टोचलेलं. त्या टोचलेल्याला हलकाच झाला. मंजुषाने तिघांची कोपी वेगळी करवली, पडदा वर बांधून उजेड आत घेतला आणि कुणालाही लेकरू घेऊन तिकडे फिरकू दिलं नाही. तांबेही वेगळे ठेवले.

मित्रांनो, माझी कडी आता पुन्हा तुटली आहे आणि कामावर नवे डबे आहेत. माझी काही तक्रार नाही. फक्त त्यांच्यावर बसू नका, त्यांना दुसऱ्या कामाला नेऊ नका. आणि हात धुणं, लेकराला वेळेवर टोचून घेणं उद्यावर ढकलू नका. असल्या छोट्या आळसाची किंमत आळस करणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते.

तो हंगाम संपल्यावर मंजुषाची ती गाडी वेशीवर परत आली तेव्हा मी सिस्टरांच्या खांद्यावर होतो. सगळी लेकरं उतरली. शेवटी धाकट्या भावाला बोटाला धरून सोजर उतरली, समोरची वाट डाव्या डोळ्याला नीट दिसावी म्हणून मान उजवीकडे वळवून.