उंदरिणींना लागू पडलेलं औषध

सासूबाई तिला 'उंदीरवाली' म्हणायच्या. तोंडावर नाही, पण लेकीशी फोनवर बोलताना आवाज खाली आणायची तसदीही घ्यायच्या नाहीत. "उंदीरवाली आली नाही अजून. तिला घरच्या माणसांपेक्षा पिंजऱ्यातली बरी." प्रयोगशाळेतून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावायचा नाही, हा नियम लग्न झाल्यापासूनचा.

आता काम तसं होतंच. अंडाशय काढलेल्या उंदरिणी, म्हणजे पाळी गेलेल्या बायकांसारख्या. त्यांच्या मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी ती थोडा वेळ बांधून ठेवायची, मग सोडायची. काहींना आधीपासून सोयाबीनमधलं एक द्रव्य दिलेलं असायचं. बायकांच्या अंगातल्या संप्रेरकाची ते थोडीफार नक्कल करतं. त्या उंदरिणींचा मेंदू कमी मरायचा. उंदरिणींचा, एवढंच.

वर्तमानपत्राने नेमकं 'एवढंच' गाळलं. तिच्या फोटोवर मथळा आला, 'पक्षाघाताला सोयाबीनची ढाल'. "दुरुस्ती छापायला सांगू या," ती विभागप्रमुखांना म्हणाली. "कशाला? कधी नव्हे ते आपल्याकडे लक्ष गेलंय लोकांचं," ते म्हणाले. तिनेही मग ताणलं नाही.

कारण घरी नवलच घडलं होतं. सासूबाई जिन्यात शेजारणींना फोटो दाखवत होत्या. "माझी सून आहे ही!" संध्याकाळी त्या स्वतःहून तिच्याजवळ येऊन बसल्या.

"काय गं, मी घेऊ का ती सोयाबीनची पावडर?"

"घ्या की आई. अपाय तर काही नाही."

"मग तूच देत जा कालवून."

रोज सकाळी ती दुधात पावडर कालवून द्यायची. आंघोळीचं कोणी काढेनासं झालं. इतकी वर्षं मर मर मरून जे मिळालं नव्हतं, ते एका खोट्या मथळ्याने पदरात टाकलं, हे तिला कळत होतं. तरी गोड लागत होतं.

मग एका सकाळी कपडे वाळत घालता घालता सासूबाई भिंतीला टेकल्या आणि तशाच खाली घसरल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. काय झालं ते तिला दारातूनच समजलं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "ब्लड प्रेशरची गोळी चालू होती?"

"हो, नियमित," तिने सांगितलं.

"कसली नियमित?" नणंद नुकतीच धापा टाकत पोचली होती. "आईनं केव्हाच सोडल्या गोळ्या. म्हणाली, घरात सुनेनं शोधलेलं औषध असताना ते विकतचं विष कशाला? तुला माहीत नव्हतं?"

"ताई, तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार? शास्त्रज्ञ तू."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर नवरा म्हणाला, "तू तिला कालवून देत होतीस."

"पावडर! गोळ्या सोडा असं मी कधी..."

"एकदा तरी विचारलंस, गोळी घेतली का म्हणून?"

"तू विचारलंस? आई तुझी आहे."

घाव वर्मी बसला. पण जिंकून तिच्या हाती काय लागणार होतं? तो पाठ फिरवून निघून गेला.

सासूबाई जगल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी नणंदेने मुक्काम ठोकला आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "आईच्या खाण्यापिण्याला तू हात लावायचा नाहीस." तिने मान डोलावली. पण ती खोलीत डोकावली की सासूबाई डावा हात पुढे करायच्या, पेला धरल्यासारखा, आणि घशातून काहीतरी मागायच्या. चांगल्या होण्याची त्यांची भिस्त अजून तिच्यावरच होती. नणंद उठून दार लोटून घ्यायची.

ती कामावर रुजू झाली तेव्हा विभागप्रमुख उत्साहात होते. पुढचा टप्पा असा की, द्रव्य आधी द्यायचं नाही, झटका येऊन गेल्यानंतर द्यायचं. तिने उंदरिणींच्या रक्तवाहिन्या बांधल्या, सोडल्या. काम नेहमीसारखंच सफाईने झालं, याचीच तिला चीड आली. पुढे मेंदूचे काप तपासले, तर द्रव्य दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरिणींत काही फरक नव्हता.

"निदान या खेपेला तरी नाही," विभागप्रमुख म्हणाले. "पुन्हा करून बघू."

घरी तिने हे कोणाला सांगितलं नाही. विचारणारी एकच होती, आणि तिला बोलता येत नव्हतं.