माइकच्या पाया

अमरनाथचा अँप्लिफायर तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा मला त्या डब्याचाही कंटाळा आला होता आणि अमरनाथचाही. चाळीस वर्षं मी नांदेडला इतवाऱ्यात व्हॉल्व्हचे जुने रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करतोय. हे जुने डबे गोड वाजतात, पण वायर काढून ठेवली तरी आत चारशे व्होल्ट धरून बसतात. म्हणून झाकण उघडलं की मी डावा हात खिशात घालतो. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो.

मागच्या खेपेला मी त्याला तीन पिनांची वायर बसवून दिली होती. तिसरी पिन अर्थिंगची. आज बघतो तर ती पकडीनं मोडलेली.

"काय करू जलीलभाई, किल्लारीच्या मांडवात बोर्डाला दोनच भोकं होती," अमरनाथ म्हणाला. लातूरकडच्या लग्नांत त्याचा ऑर्केस्ट्रा वाजतो. "झटका आला की पिन उलटी लावतो. समदेच लावतात."

समदेच लावतात, हे ऐकून माझे कान किटलेत. अर्थिंग नसलं की आतल्या एका जुन्या कंडेन्सरमधून करंट डब्याच्या पत्र्यात उतरतो, पत्र्यातून गिटारच्या तारांत. हात तारांवर आणि ओठ दुसऱ्या डब्यावरच्या माइकला, की माणूस मधल्यामध्ये अडकला. हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे.

या वेळी त्याची मुलगी पुनम सोबत होती. यंदाच तिचं कॉलेज संपलं. वर्षभरापासून पहिलं गाणं ती गाते, मग एक तो. गिटार आणि माइक दोघांत एकच. शुक्रवारी देवणीला कार्यक्रम होता आणि डबा आजच हवा होता.

"गिटार गळ्यात घाल," मी पुनमला म्हणालो. डबा बंदच होता. "स्टेजवर कशी उभी राहतीस ते दाखव. करंट कुठून जातो ते तुझ्या बापाला दाखवतो."

तिनं डावा हात तारांवर ठेवला. मग उजव्या हाताची बोटं उलटी करून माझ्या टेबलावरच्या माइकला लावली आणि तोच हात कपाळाला नेला.

"हे काय?"

"माइकच्या पाया पडले, चाचा. बाबा करायचे. गायच्या आदी असं करावं लागतं."

मी अमरनाथकडे बघितलं. तो टेबलावरचे स्क्रू बघत होता. झटका बसला की मूठ आवळते आणि धरलेलं सुटत नाही, म्हणून करंट तपासताना आम्ही मेकॅनिक उलटा हात लावतो. कपाळाला हात तो लोकांसमोर लाज नको म्हणून लावत असणार.

"पोरी, ही पाया पडायची रीत न्हाई," मी म्हणालो. "करंट हाय का ते बघायची हाय."

तिनं तारांवरचा हात काढून घेतला.

"मला का न्हाई सांगितलं, बाबा?"

"भ्याली असतीस. गायलीच नसतीस."

"आन् तुमी आता का न्हाई लावत हात?"

"तू आदी लावतीस म्हणून," अमरनाथ म्हणाला.

मला संताप यायला हवा होता, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं. वाईट मात्र फार वाटलं. मी तो जुना कंडेन्सर उपटून टाकला, नवी तीन पिनांची वायर बसवली आणि बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडलेला माझा टेस्ट लॅम्प टेबलावर ठेवला. एक टोक बोर्डावरच्या फेजच्या, म्हणजे करंटच्या भोकात, दुसरं तिसऱ्या भोकात; बल्ब पेटला तर अर्थिंग आहे. नाही पेटला तर डबा लावायचा नाही, पेटीवर गायचं.

अमरनाथनं लॅम्पसाठी हात पुढं केला. "आदी मी बघत जाईन," तो म्हणाला.

"तुमी पिन मोडता," पुनम म्हणाली आणि लॅम्प तिनं स्वतःच्या पिशवीत ठेवला.