उत्तराला एक गुण

गुणवंतीने मास्तरांचे वाक्य पुरते होऊच दिले नाही.

"तीन तास," ती म्हणाली.

हरिश्चंद्र मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. एका नळाने हौद चार तासांत भरतो, दुसऱ्याने बारा तासांत, दोन्ही नळ एकदम सोडले तर... एवढेच त्यांच्या तोंडून निघाले होते. त्यांनी पुस्तकाची शेवटची पाने चाळली, उत्तरावर बोट ठेवले आणि मान डोलावली.

"बरोबर. पाटी पूस."

पाटीवर पुसण्याजोगे होते तरी काय? कोपऱ्यात एकुलता एक तीनचा आकडा. गुणवंतीने तो पुसला. बाहेर पायरीवर काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेली आवडाबाई, तिची आई, तिथूनच म्हणाली, "शाबास गो बाय माजी!"

गेली दोन वर्षे हे असेच चालले होते. सकाळी गुणवंती मासळीची टोपली घेऊन घरोघर फिरायची, आणि संध्याकाळी आईचा हात धरून मांडवीच्या वाडीतून मास्तरांच्या पडवीत यायची. आवडाबाईच्या डाव्या डोळ्याने कधीच रजा घेतली होती, उजव्याला नुसता उजेड-काळोख कळत असे. तिला एकटीला घरी ठेवायचे म्हणजे चुलीची भीती, विहिरीची भीती. म्हणून ती पायरीवर. आत लेकीचे गणित, बाहेर आईची शाबासकी.

आणि शाबासकीवर आईचा हक्कही होता म्हणा. डोळे शाबूत होते तेव्हा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्याच्या आधी हिचा हिशेब तयार असे. अक्षराची ओळख नाही, पण आकडा कसा तोंडावर. तीच बुद्धी लेकीत उतरली. गुणवंतीचा नवरा मुंबईला गोदीत वारला, वर्षाच्या आत ती पांढरे कपाळ घेऊन परत आली, तेव्हा आवडाबाईच म्हणाली होती, "ही माजी पोर जन्मभर टोपली वाहायची नाय. मास्तरीण व्हायची." शेजारच्या येसूबाईने तोंडाला पदर लावला. "डोईवर मासळीची पाटी नि काखेत शाळेची पाटी, वा गो वा!" आवडाबाईने तिला असे काही झापले की तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मास्तरांपुढे पदर पसरून उभी राहिली तीही आवडाबाईच. लेकीच्या पाठीशी अशी उभी राहिलेली दुसरी आई त्या वाडीत नव्हती.

एवढे सगळे असूनही गुणवंती मराठी सातवीच्या फायनल परीक्षेला गणितात आपटली. एकदा नाही, दोनदा! मराठीत पास, भूगोलात पास, इतिहासात पास. गणितात पहिल्या वर्षी नऊ गुण कमी, दुसऱ्या वर्षी सहा. परीक्षेहून आल्यावर तिने एकेक उदाहरण मास्तरांना तोंडपाठ म्हणून दाखवले होते, आणि एकही उत्तर चुकले नव्हते. मग माशी शिंकली कुठे? मास्तर म्हणाले, तपासणारे पुण्याचे, कुणाचे काय सांगावे! आई म्हणाली, नशीब गो बाय, होशील पुढल्या वर्षी. नशिबावर गुणवंतीचा फारसा विश्वास नव्हता. पण या दोघांवर होता, म्हणून तिने नशीब मानले.

यंदाची मात्र शेवटची खेप होती. पुढल्या साली तिचे वय उलटले असते आणि पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेतले नसते. हे मास्तरांनीच सांगितले होते. यंदा पास तर मास्तरीण, नाही तर टोपली. मधला रस्ता नव्हता.

माघ लागला होता. त्या दिवशी टोपलीत बांगडे होते, आणि झाडगावात विमलाबाईंच्या दारात गुणवंती टोपली उतरवून बसली. विमलाबाई मुलींच्या शाळेत नव्याने आलेल्या, ट्रेनिंग झालेल्या मास्तरीण. ओट्यावर वह्यांचा ढीग घेऊन त्या तांबड्या पेन्सिलीने तपासत होत्या.

"जरा थांब हं. एवढी एक वही होऊ दे."

गुणवंती थांबली. थांबता थांबता तिची नजर उघड्या वहीवर गेली. तोच हौद, तेच नळ, नुसते आकडे वेगळे. खाली पोरीने उत्तर लिहिले होते, अगदी बरोबर, आणि त्याच्या शेजारी बाईंनी तांबडा एक काढला होता. पाचांत एक.

"बाय, उत्तर बरोबर हाय की," गुणवंतीच्या तोंडून निघून गेले. "मग येकच गुण कसा?"

विमलाबाईंनी वर पाहिले. मासळीवाली गणितात नाक खुपसते म्हटल्यावर दुसरी कुणी असती तर खेकसली असती. या हसल्या.

"तुला कसं कळलं बरोबर आहे ते?"

"बारा तासांत पहिला नळ तीन हौद भरील, दुसरा..." असे म्हणत तिने आपले सरावाचे उदाहरण सोडवून दाखवले, मग वहीतले. विमलाबाईंची पेन्सिल हातातच राहिली. मग एकेक करून सारे बाहेर आले. फायनल, दोन वर्षे, सहा गुण.

"आणि कागदावर काय लिहिलंस? हे सगळं लिहिलंस?"

"उत्तर लिवलं."

"नुसतं उत्तर?"

"व्हय. बरोबर होतं सगळं."

विमलाबाईंनी वही तिच्यापुढे सरकवली. "हे बघ. उत्तराला एक गुण. चार गुण रीतीला. कसं केलंस ते पायरी-पायरीनं मांडायचं. नाही मांडलंस तर तपासणाऱ्याला काय माहीत, तू केलंस की शेजारणीचं पाहिलंस? अगं, ही फायनलची पहिल्या दिवसाची गोष्ट. शिकवतं कोण तुला?"

"हरिश्चंद्र मास्तर."

बाईंचा चेहरा बदलला.

"हरिश्चंद्र मास्तर रीत सांगायची विसरले?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्या मी शाळेत दाखवायला ठेवल्यात. रीत कशी मांडावी तर अशी, म्हणून."

त्यांनी एका उदाहरणाची रीत तिला चार ओळींत मांडून दाखवली, आणि शनिवारी-रविवारी येत जा म्हणाल्या. बांगडे तसेच राहिले.

गुणवंती तिथून निघाली ती टोपली डोक्यावर घेऊन थेट मास्तरांच्या अंगणात. दुपार टळली नव्हती. मास्तर पडवीत सुपारी कातरत बसले होते. या वेळेला तिला पाहून ते दचकले.

"आज लवकर? आणि आई?"

"मास्तर, रीत म्हणजे काय?"

अडकित्ता थांबला. एवढे पुरे होते. विसरलेला माणूस कपाळावर हात मारतो, मास्तरांनी डोळे खाली घातले. येताना वाटभर गुणवंतीने मास्तरांच्या वतीने सबबी शोधल्या होत्या: वय झाले असेल, बाईमाणसाला वेगळा नियम असेल. त्या सगळ्या तिथल्या तिथे गळून पडल्या.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं माज्याकडनं पाटी पुसून घेतलीत. का?"

"गुणवंती, बस आधी. टोपली उतरव."

"नाय उतरवत. मी तुमचं काय वाकडं केलं होतं मास्तर?"

मास्तरांनी सुपारीची खांडे हातात घेतली, पुन्हा तबकात टाकली. नाव हरिश्चंद्र, पण खरे बोलायला माणसाला केवढी जड जीभ!

"तू पहिल्यांदा आलीस ना आईबरोबर," ते म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली होती."

"कोण?"

"तुझी आई. तू टोपली घेऊन गेली होतीस तेव्हा."

"आई? येकटी?"

"एकटीच. काठी टेकत. याच पायरीवर बसली." मास्तरांचा आवाज खाली गेला. "म्हणाली, पोरीला शिकवा, नाही म्हणू नका. तिचं मन रमूदे, तिला वाटूदे आपण शिकतोय. पण पास होऊ देऊ नका. ती पुण्याला गेली तर मी कुणाच्या हाताला धरू? माझा लेक केरू मुंबईला बायको-पोरांत गुंतलेला, तो काय मला नेतोय! मी तिला नाही म्हटलं गं. मग तिनं रामाचं नाव काढलं."

रामा म्हणजे मास्तरांचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली आणि तेरा दिवसांचा तो जीव आवडाबाईच्या अंगावर प्याला, एका बाजूला केरू, एका बाजूला रामा. हे सारी वाडी जाणून होती. आवडाबाईने मात्र ते कधी बोलून दाखवले नव्हते. तेवढे एकदाच दाखवले.

"तिनं त्या दुधाची शपथ घातली मला," मास्तर म्हणाले. "वाटलं, एक वर्ष. मग तिचं मन पालटेल. तू इतकी हुशार निघशील हे मला तरी कुठं ठाऊक होतं? रोज तुझं उत्तर ऐकायचो नि जेवण जात नव्हतं."

"पण पाटी पुसायला सांगत होता."

मास्तरांनी घाईघाईने पाटी ओढली, पेन्सिल शोधली. "बस. अजून दोन महिने आहेत. आजपासून रीतीनं..."

"ऱ्हाऊंदे मास्तर," गुणवंती म्हणाली. "तुम्ही शपथ पाळा."

तिने पाटी तेवढी उचलली, काखेत मारली आणि चालू लागली.

मास्तरांचा तिला राग आला होता, पण तो राग वाटेतच संपला. मास्तर परके. आई परकी नव्हती. पायरीवरून रोज आलेले ते 'शाबास गो बाय'! निकालाच्या दिवशी दोन्ही वेळा आईने तिला पोटाशी धरले होते, डोके कुरवाळले होते, आपणही रडली होती. ते रडणे खोटे होते? की खरे होते? खरे असेल तर ते अधिकच वाईट, असे गुणवंतीला वाटले. भर रस्त्यात तिचे डोळे भरून आले, आणि टोपली सांभाळायला दोन्ही हात लागत होते म्हणून ते तिला पुसताही येईनात.

घरी आवडाबाई उंबऱ्यात बसली होती.

"आलीस गो? आज उशीर केलास. मास्तरांकडे जायचं ना?"

"आज नाय जायचं."

"का गो?"

"मी घरीच करतंय सराव."

गुणवंतीने हातपाय धुतले, चूल पेटवून पेज चढवली. चुलीचे काम तीन वर्षे तिचेच. आईला भाजेल म्हणून ती तिला तिकडे फिरकूही देत नसे, पेजेची वाटीसुद्धा हातात नेऊन द्यायची आणि वरून आपला हात धरायची. पेज रटरटू लागली तशी ती दिवा लावून ओटीवर पाटी घेऊन बसली. आई येऊन भिंतीशी टेकली. रोजचाच रिवाज होता, घरी आले की आईने एक उदाहरण घालायचे आणि लेकीने तोंडी सोडवायचे.

"घालू?" आवडाबाईने विचारले.

"घाल."

"नऊ माणसं येक जाळं वीस दिवसांत विणतात. बारा माणसं लावली तर?"

एरवी आईचे तोंड मिटायच्या आत पंधरा म्हणून उत्तर यायचे. आज आले नाही. पाटीवर पेन्सिल किरकिरू लागली. नऊ माणसांस वीस दिवस. एका माणसास नऊ गुणिले वीस. पेन्सिल थांबली, पुन्हा चालू झाली. आवडाबाईची मान हळूहळू त्या आवाजाकडे वळली. दोन वर्षांत या घरात पेन्सिल एवढा वेळ कधी वाजली नव्हती.

"किती वेळ खरडतेस गो?" ती म्हणाली. "उत्तर येत नाय?"

"उत्तर कधीचंच आलं," गुणवंती म्हणाली. तिने मान वर केली नाही. "रीत लिहितंय."

आवडाबाईचा हात काठीवर गेला आणि तसाच राहिला. ती काही विचारील, नाही म्हणेल, रडेल, शपथा घेईल, याची गुणवंती वाट पाहत होती. तिला भांडायचे होते. ओठांपर्यंत आलेले सारे तिने वाटेतच जुळवून ठेवले होते.

आवडाबाई उठली. काठी भिंतीलाच राहिली. ओटीवरून माजघराची उंच पायरी ती चढली, दारातल्या पाट्या-वरवंट्याला वळसा घातला आणि चुलीपाशी गेली. फडके घेऊन तिने मडके उतरवले. फडताळातून दोन वाट्या काढल्या, पेज वाढली, चिमटीने मीठ घातले. मग दोन हातांत दोन वाट्या घेऊन ती तीच पायरी उतरून आली, आणि त्यातली एक तिने पाटीच्या अलीकडे, बोटभर अंतरावर ठेवली. एक थेंब सांडला नव्हता.

गुणवंती त्या वाटीकडे बघत राहिली. तीन वर्षे ती, या बाईला एकटीला काही जमायचे नाही म्हणून, तिचा हात धरून चालली होती.

"खा. निवेल," आवडाबाई म्हणाली, आणि भिंतीशी जाऊन बसली.

गुणवंतीने वाटी बाजूला सरकवली. पेन्सिल घेतली आणि पुढची ओळ लिहिली.