हरलेल्या देशाचा पंच

बॉल क्रॉसबारवरून गेला आणि पंच खुर्चीतून उठला. कशाला उठलो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. हॉटेलच्या त्या लांबट खोलीत फुटबॉल स्पर्धेचे सगळे पंच आणि लाइनमन टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर त्याच्याच देशाचा संघ शूटआऊटमधली शेवटची पेनल्टी हुकवून सेमीफायनल हरला होता, आणि खोलीत टाळ्या पडत होत्या.

टाळ्या त्याच्यासाठी होत्या. आसपासच्या देशांच्या या स्पर्धेत ज्याचा देश फायनलला जातो, त्या पंचाला फायनल मिळत नाही. आपल्याच देशाच्या सामन्यात शिट्टी कशी वाजवणार? त्यामुळे एखाद्याचा देश हरला की बाकीचे पंच त्याचं अभिनंदन करतात, अशी या जमातीची जुनी रीत. बाहेरच्या कुणी पाहिलं तर जोडे मारेल, म्हणून दार मात्र आधी लोटून घेतात.

"झालं काम," म्हणत त्याच्या लाइनमननं त्याचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. दोघं एकाच देशाचे. पंचाला फायनल मिळाली की त्याच्या लाइनमनलाही मिळणार, हे ठरलेलं. "आयुष्य गेलं तुझ्यामागे झेंडा घेऊन कडेकडेनं पळण्यात. आता बायकोला फोन करतो, म्हणतो, टीव्ही पुसून ठेव."

पंच हसला. मनापासून हसला. मग पडद्यावर पेनल्टी हुकवणारा दिसला. गवतावर उकिडवा बसला होता, जर्सी तोंडावर ओढून. तिचा नंबर दिसत नव्हता, पण त्या पाठीला नंबराची गरज नव्हती.

लाइनमननं हात सोडला.

"टिल्लू होता होय," तो म्हणाला. "माझ्या लक्षातच नाही आलं."

टिल्लू म्हणजे पंचाचा भाचा. लहानपणी फारच बुटका होता म्हणून हे नाव पडलं. आता मामापेक्षा हातभर उंच झाला तरी घरात तो टिल्लूच. ताईच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधल्या जागेला गोल समजून मामानंच त्याला पेनल्टी मारायला शिकवलं होतं. मोटारवाल्यांच्या शिव्याही दोघांनी मिळूनच खाल्ल्या होत्या.

आणि आदल्या दिवशी फोनवर बोलताना मामा त्याला म्हणाला होता, "उद्या फार जीव काढू नका रे. पुढच्या वर्षी वय भरलं म्हणून माझं नाव पंचांच्या यादीतून जातंय. तुम्ही हरलात तरच मला फायनल."

टिल्लू हसला होता. मग जरा थांबून म्हणाला होता, "खरंच काय मामा? दुसरा काही मार्ग नाही?"

"नाही. नियम म्हणजे नियम."

चेष्टा होती. बारा आणे तरी चेष्टाच होती. उरलेल्या चार आण्यांचं काय, हे पंचानं तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नव्हती. बॉल वर गेला तेव्हा आपण उठून उभे राहिलो होतो. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही फायनलचा आनंद काही जाईना.

सकाळी तो संघाच्या हॉटेलवर गेला. एरवी पंचानं तिथं फिरकायचंही नसतं, पण हरलेल्या संघापाशी कोण येतंजातं याची कुणाला पडली होती? मागच्या आवारात विमानतळाची बस उभी होती. बाकीची पोरं आत चढून बसली होती. टिल्लू एकटाच खाली, बॅगेवर बसला होता.

"चहा घेतलास?"

"घेतला."

"पायाला काही लागलंय का?"

"नाही."

पंच त्याच्या शेजारी कठड्यावर टेकला. "अरे, असं होतं. भल्याभल्यांचं होतं. पार्किंगमध्ये तू किती काचा फोडल्यास, आठवतंय ना?"

टिल्लू हसला नाही. बॅगेची चेन उघडझाप करत राहिला.

"मामा, मी मुद्दाम नाही मारला बाहेर."

"येडा आहेस का? असं कोण म्हणतंय?"

"कुणीच नाही. मीच म्हणतोय." त्यानं चेन बंद केली. "बॉल ठेवला, मागे आलो. रोज जसा मारतो तसाच मारायचा होता. आणि नेमका तू डोळ्यांपुढे आलास. म्हटलं, गेला बाहेर, तर मामाला फायनल. एवढंच. मग धावलो."

पंचानं बसकडे पाहिलं. काचेला डोकं टेकून गोलकीपर झोपला होता.

"हे कुणाला बोललास?"

"तुला सोडून कुणाला बोलू? आणि सांगणार तरी काय?"

मीही उठून उभा राहिलो होतो रे, हे तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पोराच्या डोक्यावरचं ओझं निम्मं झालं असतं, निदान वाटून तरी घेतलं असतं. पण पंच म्हणाला, "मला कुठे एवढी हौस होती फायनलची."

टिल्लूनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मामाची हौस घरात सगळ्यांना तोंडपाठ होती.

"असं नको ना म्हणूस," तो म्हणाला. "मग तर काहीच उरत नाही."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. टिल्लूनं बॅग उचलली आणि वाकून नमस्कार करावा तसा थोडासा वाकून तो बसमध्ये चढला.

तिथून पंच थेट सामने वाटणाऱ्या पंच समितीच्या प्रमुखांकडे गेला.

"सर, फायनल दुसऱ्या कुणाला तरी द्या."

प्रमुखांनी चष्मा काढला. "दुखापत आहे का?"

"नाही."

"घरी काही?"

"नाही सर."

"मग कारण काय? मला वर काहीतरी सांगावं लागेल."

कारण साधं होतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. भाच्यानं पेनल्टी हुकवली आणि मामाला फायनल मिळाली, एवढी दोन वाक्यं कुणी एका दमात म्हटली की संपलं. चौकशी लागली असती. पोराच्या अंगावर ती जर्सी पुन्हा चढली नसती. मनात क्षणभर काय आलं, हे कुठल्या चौकशीत सिद्ध करणार?

"आपला देश हरला की वाईट वाटतंच," प्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले. "मैदानात उतरलात की विसराल."

"हो सर," पंच म्हणाला.

बाहेर लाइनमन बुटांना नव्या नाड्या ओवत बसला होता. "काय म्हणाले?"

"शुभेच्छा दिल्या."

फायनल त्यानं उत्तम चालवली. एकाही निर्णयावर कुणी हुज्जत घातली नाही. उत्तरार्धात गोलपुढच्या चौकटीत एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात आला, तेव्हाही त्यानं ठामपणे पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं, आणि ज्याची चूक होती तोही मान खाली घालून मागे सरला.

पेनल्टी मारायला जो आला तो टिल्लूच्याच वयाचा असेल. त्यानं बॉल ठेवला आणि मागे गेला. अशा वेळी पंचाला बघायला पुष्कळ असतं. गोलकीपरचे पाय रेषेवर आहेत की नाहीत, बाकीचे चौकटीत घुसतायत का. मारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणं त्याच्या कामात बसत नाही, आणि इतक्या वर्षांत त्यानं कधी बघितलंही नव्हतं. आज त्यानं बघितलं.

पोरगा बॉलकडे पाहत नव्हता. गोलकडेही नाही. त्याला कुणीतरी आठवत होतं.

शिट्टी वाजल्याशिवाय पेनल्टी मारता येत नाही, आणि पंचाच्या तोंडात शिट्टी तशीच राहिली. स्टेडियम चिडीचूप झालं. गोलरेषेपाशी उभ्या लाइनमननं झेंडा खाली करून त्याच्याकडे पाहिलं.

"सर," पोरगा म्हणाला. मग जरा वेळानं, अगदी हळू आवाजात, "सर, मारू का?"