बाटलीवरची शेवटची ओळ

चार वाजून अकरा मिनिटांनी दिपालीने जंताची गोळी काउंटरवर ठेवली. एकच गोळी, एकाच गोळीचं पाकीट, पुढून चंदेरी, मागून निळ्या अक्षरांनी गच्च भरलेलं. एवढ्याशा जागेत इतकं लिहायचं म्हणजे अक्षरं मोहरीपेक्षा बारीक करावी लागतात, आणि मग ती वाचतं कोण… हा विचार पुरा होईपर्यंत समोरच्या बाईने पाकीट उचलून कमरेला खोचलं होतं.

त्याआधीचं बोलणं असं झालं होतं.

"सुनंला पायजे," चन्नम्मा म्हणाली. ती अक्कलकोटकडची, नवी पेठेत आली की याच दुकानात यायची. "दोन हप्ते झाले, खाल्लेलं ठरंना. सकाळी उठली की मळमळ. जंतच हायेत, दुसरं काय?"

"वय किती आहे त्यांचं?" दिपालीने विचारलं.

"वय कशाला?" दुकानाचे मालक सिद्धरामअण्णा मागून म्हणाले. "सोयरीक जमवतीस का? बास की, दे गोळी." आणि चन्नम्माकडे वळून, "तगो अव्वा, घे."

चन्नम्मा हसली, अण्णा हसले, दिपालीही हसली. बाई पायऱ्या उतरून गेली.

बास.

ड्रॉवरच्या आत, हिशोबाच्या वहीवर, दिपालीचा फोन उघडा पडला होता. पानावर दोन गोल होते. एकासमोर लिहिलं होतं 'जागा स्वीकारत आहे', दुसऱ्यासमोर 'स्वीकारत नाही', आणि वर लाल अक्षरांत मुदत, आजची तारीख, सायंकाळी पाच. सकाळपासून तिने ते पान किती वेळा उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं… प्रत्येक वेळी दोन्ही गोल तितकेच रिकामे, तितकेच गोल. शहराबाहेरच्या कॉलेजात बी. फार्मसीची जागा लागली होती, पहिल्याच यादीत, तिने पसंतीत पहिली लिहिलेली. स्वीकारली तर दोन दिवसांत शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा करायचा, आणि एकदा जमा झालेला दाखला परत मिळवणं किती अवघड असतं हे ती राहायची त्या मावशीच्या गल्लीतल्या प्रत्येकाने तिला सांगितलं होतं. नाही स्वीकारली तर आयुर्वेदाच्या यादीची वाट बघायची. तीत नाव लागलं तर डॉक्टर, नाही लागलं तर पुन्हा एक वर्ष, पुन्हा तीच पुस्तकं, पुन्हा नीटची परीक्षा. तिला तीनशे एकाहत्तर मार्क होते. विचित्र आकडा… रडावं इतका कमी नाही, पेढे वाटावेत इतका जास्त नाही.

"काय ठरलं गं?" अण्णांनी खोकी फोडता फोडता विचारलं. "फार्मसी घे म्हणतो मी. चार वर्षं. मग तुझाच दाखला लावू हितं."

त्यांनी मानेनेच भिंत दाखवली. भिंतीवर काचेच्या चौकटीत वैजयंती नावाच्या बाईंचा फार्मासिस्टचा दाखला होता, फोटोसकट. दिपाली बारावीच्या निकालापासून या दुकानात मदतीला येत होती. तेवढ्या काळात वैजयंतीबाई दोनदा आल्या होत्या, सही करून चहा पिऊन गेल्या होत्या. औषधं अण्णाच द्यायचे, आणि येणारं गिऱ्हाईक अण्णांनाच डॉक्टर म्हणायचं. जिने सगळं वाचायचं ती काचेत, आणि जे वाचत नाहीत ते काउंटरवर — असं तिला एकदा वाटलं होतं आणि वाटल्याबद्दल लाजही वाटली होती, कारण अण्णा चांगले होते, रोज तिला जेवलीस का विचारायचे.

आता मात्र दुसरंच काहीतरी टोचत होतं. डाव्या तळहातावर, जिथे ती गोळी होती तिथे, उगाच खाज सुटली होती. तिने हात ड्रेसला पुसला. दोन हप्ते. सकाळी उठली की मळमळ. खाल्लेलं ठरत नाही…

जंतांनी सकाळीच मळमळतं का?

चार वाजून एकोणीस मिनिटे. हात पुसला तरी खाज जात नव्हती, आणि तळहात लाल दिसायला लागला होता, चोळल्यामुळे. पण लाल तळहात म्हटलं की तिला एकच गोष्ट आठवायची. गेरू.

आठवीत होती. सांगोल्याच्या पलीकडच्या वस्तीवर, मेंढ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी, पहाटे. तिचे वडील ज्ञानू, म्हणजे आबा, मेंढ्यांना जंताचं औषध पाजत होते. सिद्धूकाका मेंढी पायांत धरायचा, जबडा उघडायचा, आबा नळीने औषध घशात सोडायचे, आणि पाजलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा पंजा मारायचा, म्हणजे तीच मेंढी दोनदा पाजली जात नाही… पंजा मारायचं काम दिपालीचं. पण त्याआधी तिचं दुसरं काम असायचं, जास्त मानाचं. बाटली वाचायची. वस्तीवर नवी बाटली आली की ती दिपालीकडे यायची, घरचीच नव्हे, शेजारच्यांचीसुद्धा. आबांना लोक डाक्टर म्हणायचे आणि आबा म्हणायचे, आमचा डाक्टर ही हाय, मी नुसता हात हाय. त्या दिवशी तिने बाटली उजेडाकडे धरून नाव वाचलं, वजनाप्रमाणे किती द्यायचं ते वाचलं, आबांनी झाकणाने मापून बघितलं आणि म्हणाले, "बास, कळलं."

ती थांबली. एक ओळ राहिली होती. सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक, इंग्रजीत. गाभण जनावराला पहिल्या महिन्यात देऊ नये.

नजर त्या ओळीवर गेली होती. हे नक्की. तिचा अर्थ त्या क्षणी कळला होता का, हे पाच वर्षांत तिला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, इंग्रजीत होतं, आठवीतल्या पोरीला काय कळणार. कधी वाटतं, कळलं होतं, पण सगळे कौतुकाने बघत होते, मेंढी पायांत धरून काका ताटकळला होता, आणि बास म्हटल्यावर पुढे बोलणारी पोर आगाऊ ठरते… मी गेरूच्या वाटीत हात बुडवला. मी पंजे मारले. एकेचाळीस मेंढ्या.

पुढच्या पंधरवड्यात सहा गाभडल्या, दिवस भरायच्या आत. नंतर जी कोकरं झाली त्यातल्या तिघांचे पुढचे पाय वाकडे होते. ती उभी राहायला बघायची आणि तोंडावर पडायची. आई, म्हाळसाबाई, त्यांना मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजायची. सिद्धूकाका म्हणाला यंदा चाराच वाईट होता, आबा म्हणाले बिरोबाची मर्जी. औषधामुळेच झालं असं काही सिद्ध झालेलं नाही. हे तिला ठाऊक आहे, ती स्वतःला हे सांगत आली आहे. कुणी तिला विचारलं नाही, तिने कुणाला सांगितलं नाही. गेरू दोन दिवसांत निघून गेला होता.

मग नीटचा अभ्यास. लोक विचारायचे, डॉक्टर का व्हायचं, आणि ती ठरलेलं उत्तर द्यायची, गोरगरिबांची सेवा. खरं उत्तर वेगळं होतं आणि फार साधं होतं… डॉक्टरला कुणी बास म्हणत नाही. पण मार्क आले आणि मैत्रिणी हळहळल्या, तेव्हा तिला कुठेतरी सुटल्यासारखं झालं, आणि फार्मसीचा अर्ज भरताना पहिल्यांदा झोप नीट लागली. का? फार्मसीत बाटली पुरी वाचायलाच शिकवतात म्हणून? की तिथे शेवटी दुसऱ्याने लिहिलेलं द्यायचं असतं, चूक झाली तर लिहिणाऱ्याची, म्हणून? आवड कुठली आणि पळ कुठला, हे त्या दोन गोलांना विचारून कळत नव्हतं. शिक्षा म्हणून कॉलेज निवडतात का कुणी?

"अण्णा," ती म्हणाली. चार चोवीस. "त्या बाईच्या सुनेला दिवस गेले असतील तर?"

अण्णांनी खोक्यातून डोकं वर काढलं. "तर पेढं आणंल की."

"गोळी चालत नाही मग. पहिले तीन महिने."

"हितं रोज धा जातात. शाळेत वाटतात पोरांना." मग तिचा चेहरा बघून ते जरा थांबले. "आता गेली ती. काय धावत जातीस काय तिच्या मागं? अजून डॉक्टर झाली न्हाईस तू."

पानावर दोन गोल होते. गोल कुठलाही निवडला तरी तो पक्का करायला ओटीपी लागायचा, आणि ओटीपी आबांच्या फोनवर जायचा, कारण फॉर्म भरताना नंबर त्यांचाच दिला होता. आबा मोडनिंबच्या पुढे कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढ्या बसवून होते आणि दुपारपासून फोन लागत नव्हता. तिने ओटीपी पाठवायचं बटण दाबलं. फोन हातात घेतला. मग काउंटरची फळी उचलली आणि बाहेर पडली.

"आगं!" अण्णा म्हणाले.

उन्हातून आत आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तसं तिला बाहेर पडताना झालं. कापडाच्या दुकानांपुढे बायकांचे घोळके, मध्येच घुसणारी रिक्षा, पाटी घेऊन उभा बांगडीवाला. चन्नम्माचं हिरवं लुगडं शोधायचं होतं आणि पेठेत निम्मी लुगडी हिरवी होती. ती एका बाईच्या खांद्याला हात लावून थांबली, ती दुसरीच निघाली. मग तिसरी. काय करतेय मी… पाच वाजायला अर्धा तासही नाही, आयुष्याचा प्रश्न फोनमध्ये उघडा आहे आणि मी एका गोळीमागे पळतेय, जी शाळेत वाटतात. सराफाच्या कोपऱ्यावर चन्नम्मा दिसली. रिक्षात चढत होती. आत एक मुलगी बसली होती, दिपालीच्याच वयाची, लोखंडी दांडीला डोकं टेकून, डोळे मिटून.

"मावशी! गोळी दिली का यांना?"

"दिली की हातात. याके, का गं? काय विसरलं?"

मुलीने डोळे उघडले. तिची उजवी मूठ मिटलेली होती. रिकामं पाकीट सीटवर पडलं होतं. दिपालीने ते उचललं आणि दुसरं काहीच न सुचून वाचायला लागली, मोठ्याने, मराठीत करून, नाव, किती मिलिग्रॅम, कधी बनवली, कधीपर्यंत चालते, लहान मुलांपासून लांब ठेवा…

"ताई, पाठांतर हाय का?" रिक्षावाला म्हणाला. "घंटा वाजली, सोडा आता."

"बास बास," चन्नम्मा म्हणाली. "कळलं."

"न्हाय कळलं." आवाज नको इतका चढला, आणि भाषा वस्तीवरची आली. बांगडीवाला वळून बघायला लागला. "शेवटची ऱ्हायलीया. दिवस गेलेल्या बाईनं ही खायची न्हाय. आदी डॉक्टरला दाखवा. मी विचारायला पायजे होतं मगाशी, मी विचारलं न्हाय."

"आमच्यात तसलं काय न्हाय," चन्नम्मा फणकाऱ्याने म्हणाली. "लग्नाला चार म्हयने बी…" आणि थांबली. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता, एक, दोन, मग परत मागे. ती सुनेकडे बघायला लागली, जणू रिक्षात आत्ताच कुणी नवी येऊन बसली होती.

"खाल्ली का तुम्ही?" दिपालीने मुलीला विचारलं.

 मुलीने सासूकडे बघितलं, मग दिपालीकडे. ती नजर दिपालीला ओळखीची वाटली… ज्याला माहीत आहे आणि सांगायची वेळ जाऊ देतो त्याची. की हे मीच तिच्या डोळ्यांत घालतेय? मूठ मिटलेलीच होती. गोळी मुठीत होती, की तोंडात, की पोटात, हे बाहेरून बघून सांगता येत नव्हतं. मागची रिक्षा कर्कश वाजायला लागली, रिक्षावाल्याने गिअर टाकला. गाडी हलली तेव्हा चन्नम्मा पुढे वाकून त्याला काहीतरी सांगत होती. पत्ता बदलत होती की लवकर चल म्हणत होती, ऐकू आलं नाही.

दिपाली पाकीट हातात घेऊन सराफाच्या पायरीपाशी उभी राहिली. चार वाजून एकोणपन्नास मिनिटे. फोन वाजला.

"दिपे! नंबर आलाय बग." आबांचा आवाज वाऱ्यातून येत होता. "टेकाडावर चढलो तवा कुटं आला. लिवून घे. चार, शून्य, सात…"

"थांबा आबा."

"आगं, अर्ध्या तासातच मरतोय म्हनं ह्यो. डाक्टरचा हाय का औषदाचा?"

"अजून ठरलं न्हाय. आकडे थांबवा. आदी एक ऐका माझं."

"बोल की."

पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या, एखादी जवळच असावी. वाक्य कुठून सुरू करायचं ते तिला सुचेना. इतकी वर्षं ते मनात पुरं तयार होतं असं ती समजत होती, आणि आता त्याचा पहिला शब्दसुद्धा सापडत नव्हता. आश्चर्य म्हणजे घाई वाटत नव्हती. तळहाताची खाज थांबल्याचं तिच्या लक्षात आलं, मग लक्षात आल्यामुळे पुन्हा किंचित सुरू झाली.

"मी आठवीत होते तवा," ती म्हणाली, "ती जंताच्या औषदाची बाटली… तुमी बास म्हनला, आन् मी थांबले."

"कंची बाटली?"

"वाचायची एक ओळ ऱ्हायली होती आबा."

वारा तेवढा वाजत राहिला. आबांनी फोन ठेवला नव्हता. मेंढ्यांचा आवाज येत होता. तिने फोन कानापासून जरा लांब धरून बघितलं. चार वाजून चौपन्न मिनिटे झाली होती. पानावरचे दोन्ही गोल रिकामे होते, आणि सहा आकड्यांतले तीन तिच्याकडे आले होते.