धवल्यापुरता श्वास

शहाण्णव सालची गोष्ट. उन्नतीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले होते आणि माझा दम धवल्याच्या, आमच्या लग्नगाण्याच्या, दुसऱ्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. आमच्या शिरवणे गावात धवलारीन गाते तेव्हा लग्न लागतं. तीच देवांना आवतण देते, तीच नवरा-नवरीला मांडवात आणते. चाळीस वर्षं ते काम मी केलं होतं, आणि आता सख्ख्या नातीच्या लग्नात अडकले होते. डॉक्टर म्हणाला, छातीत काही नाही, वय झालंय.

मुलगा देवजी म्हणाला, "आये, टेन्शन नको घेऊ. कॅसेट लावू."

"मंग नवरीपन कॅसेटीतच आना," मी म्हटलं.

उन्नती हसली नाही. "आजी नाय गायली तर मी पाटावर बसनार नाय."

मी सेक्टरातल्या एका सोसायटीच्या गेटाशी भाजी विकत असे. तिथे सरोजिनीताई राहत, शाळेतून निवृत्त झालेल्या कवायतीच्या बाई. सकाळी गच्चीवर दहा-बारा जणींना श्वास घ्यायला शिकवत. फ्लॅटवाल्यांना श्वाससुद्धा शिकवावा लागतो, म्हणून मला हसू यायचं. पण आता गरज माझी होती. टोपली वॉचमनजवळ ठेवून मी वर गेले.

"बयाबाई, पाठ ताठ. खांदे सैल. श्वास घेताना पोट फुगू द्या."

पाठ माझी ताठच होती. मिठागरावर अर्धा जन्म डोक्यावरून मीठ वाहिलेलं. पोट मात्र हलेना. श्वास घेतला की खांदे कानाला लागत. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, लेझीम खेळताय का?" तीन दिवस हेच.

चौथ्या दिवशी ताईंनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि थबकल्या. "हे आत काय बांधलंय?"

"फडका. मिठाची टोपली उचलाची तर कंबर आवलावी लागं. नायतर आंग मोडं."

"मिठागर बंद होऊन किती वर्षं झाली?"

"वीस झाली असतील."

बोलता बोलता माझा हात फडक्याच्या गाठीवर गेला. वीस वर्षं रोज सकाळी मी दोन वेढे आवळून बांधत होते, न उचलायच्या टोपलीसाठी. तरणेपणी त्यातूनही गाण्यापुरता दम निघायचा, आता निघत नव्हता.

"सोडा तो."

"सगल्यांसमोर?"

ताईंनी बाकीच्या बायकांना कठड्याकडे तोंड करायला लावलं. मी गाठ सोडली. भीती वाटली, आतलं सगळं खाली येईल. आलं काहीच नाही. श्वास तेवढा खाली उतरला, पोट उचललं गेलं, आणि मला चक्कर आल्यासारखं झालं.

"हळू," ताई म्हणाल्या. "आता सावकाश सोडा. सोडताना ओळ म्हणा."

अकरा दिवस मी तेच केलं. गच्चीवर, घरी पाटावर, भाजी निवडताना.

लग्नाच्या सकाळी मांडवात पहिल्या तीन ओळी निघाल्या. चौथीला जुनी सवय आडवी आली. खांदे वर गेले, आवाज फाटला. देवजी टेपजवळ उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी जोडीदारीन गोजरा शेवटचा शब्द ताणून धरून राहिली.

मी घाई केली नाही. खांदे सोडले. उरलेला श्वास पुरता बाहेर टाकला, मग पोटातून नवा भरला आणि ओळ पुन्हा धरली. ती शेवटच्या अक्षरापर्यंत गेली. उन्नती उठली आणि पाटावर जाऊन बसली.

अजून चार धवले बाकी होते. गोजरा कानाशी म्हणाली, "वाईच थांबाचा का, बाये?"

"नको," मी म्हटलं. "फकस्त घाय नको करू."